कान झांकून घेणारी आई

इंग्रजी वाङ्मयाचा ज्यांनीं थोडाबहुत अभ्यास केला आहे, त्यांच्यापैकीं अनेकांनीं चार्ल्स डिकन्सची ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ ही कादंबरी केव्हां ना केव्हां वाचलेली असते. तींतला एक प्रसंग एकदां वाचला कीं सहसा विसरतां येत नाहीं. आठनऊ वर्षांचा डेव्हिड धडा म्हणतांना अडखळतो. त्याचा सावत्र बाप मर्डस्टन हातांत छडी घेऊन त्याला सावकाश, गंभीरपणें, वरच्या खोलीकडे नेऊं लागतो. आई रडत त्यांच्याकडे धांवते. इतक्यांत नणंद तिला मूर्ख म्हणून दटावते आणि आडवी येते. आई थांबते, आणि मग आपले दोन्ही कान झांकून घेते. वरच्या मजल्यावर काय चाललें आहे हें तिला ठाऊक असतें; तें ऐकूं येऊं नये, एवढीच काय ती तजवीज तिच्या हातीं उरलेली असते.

वाचकांमध्यें या प्रसंगाची चर्चा निघाली, कीं मर्डस्टनविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. तो दुष्टच आहे. दुष्टाविषयीं मतभेद कसला? चर्चा होते ती आईची. आई असून हें तिनें होऊं कसें दिलें, असा प्रश्न जो तो विचारतो. बाप वाईट निघाला तर आपण हळहळतों. आई दुबळी निघाली तर आपण संतापतों. हा आपला संताप कितपत न्याय्य आहे, हें आज इतिहासाच्या साहाय्यानें पाहावयाचें आहे. क्लॅरा कॉपरफील्ड ही स्त्री कल्पित खरी. पण ज्या घरांत ती उभी होती त्या घराच्या भिंती कल्पित नव्हत्या. त्या इंग्लंडच्या कायद्यानें बांधलेल्या होत्या.

प्रथम आरोपीची ओळख करून घेऊं. क्लॅरा ही पोरकी मुलगी. एका कुटुंबांत लहान मुलांना सांभाळण्याच्या व शिकविण्याच्या नोकरीवर ती होती. विसाव्या वर्षाच्या आंतच तिच्या दुप्पट वयाच्या गृहस्थाशीं तिचें लग्न झालें, आणि वर्षभरांत तो वारला. डेव्हिडचा जन्म त्यानंतर सहा महिन्यांनीं झाला. नवऱ्यानें मागें ठेवलें होतें तें ब्लंडरस्टन येथील घर आणि वर्षाकांठीं १०५ पौंडांचें उत्पन्न. बाप नाहीं, भाऊ नाहीं. जवळचें माणूस म्हणावें तर एक पेगॉटी नांवाची मोलकरीण. मुलाला अक्षरें क्लॅरानेंच शिकविलीं, आणि त्या दिवसांचा आनंद डेव्हिडला जन्मभर आठवत राहिला. पुढें देखणा व रुबाबदार मर्डस्टन घरीं येऊं लागला. डेव्हिडला पंधरवडाभर पेगॉटीबरोबर यार्मथला पाठविण्यांत आलें. तो परत आला तेव्हां घरांत नवा बाप होता.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत मर्डस्टनची बहीण जेन येते, आणि दुसऱ्याच दिवशीं सकाळीं क्लॅराजवळच्या घरच्या किल्ल्या आपल्या ताब्यांत घेते. कांहीं दिवस गेल्यावर क्लॅरा धीर करून गाऱ्हाणें मांडते, कीं माझ्याच घरांत मला कांहीं विचारलें जाऊं नये, हें कठीण आहे. ‘माझें’ हा शब्द मर्डस्टनला खटकतो, आणि तो नुसता तोच शब्द दरडावणीच्या सुरांत परत उच्चारतो. क्लॅरा घाबरून आपली चूक दुरुस्त करते. ‘माझें’ जातें आणि ‘आपलें’ येतें. वाचणाऱ्याला वाटतें, कीं ही केवळ एका भित्र्या बायकोची शरणागति आहे. वस्तुतः त्या क्षणीं क्लॅरा कायद्याची चूक दुरुस्त करीत होती. कायद्याच्या दृष्टीनें ‘आपलें’ म्हणणें हें देखील जरा अधिकच झालें होतें.

ब्लॅकस्टन या विख्यात कायदेपंडितानें १७६५ ते १७६९ या वर्षांत इंग्लंडच्या कायद्याचें जें भाष्य प्रसिद्ध केलें, त्यांत विवाहानें पतिपत्नी एक व्यक्ति होतात, हें तत्त्व सविस्तर सांगितलें आहे. ऐकण्यास तें मोठें गोड वाटतें. पण ती एक व्यक्ति म्हणजे नवरा. बायकोजवळची रोकड, दागिने, भांडींकुंडीं आणि तिची मिळकत लग्नाबरोबर नवऱ्याची होई. तिच्या जमीनजुमल्याचें उत्पन्न व ताबा विवाह असेपर्यंत त्याच्याकडे जाई. श्रीमंत घराण्यांनीं यांतून एक वाट काढली होती. मुलीच्या लग्नाआधींच तिची मालमत्ता विश्वस्तांच्या नांवें बांधून ठेवावयाची, म्हणजे जांवयाचा हात तिला लागत नसे. चॅन्सरी न्यायालय असे करार मानीत असे. पण ते करावयास बाप पाहिजे, भाऊ पाहिजे, वकील पाहिजे. क्लॅराजवळ यांपैकीं कोणी नव्हतें. कादंबरीच्या पुढल्या भागांत डेव्हिडची आत्या-आजी बेट्सी ट्रॉटवुड मर्डस्टनला समोर बसवून नेमका हाच प्रश्न विचारते, कीं घर व बाग या मुलाच्या नांवें कां करून ठेवली नाहीं? उत्तर मिळतें, कीं पहिल्या नवऱ्यानें सर्व कांहीं बिनशर्त बायकोला दिलें होतें. बिनशर्त दिलेली वस्तु दुसऱ्या लग्नाच्या दिवशीं बिनशर्त निघून गेली.

येथें कोणी म्हणेल, कीं घर गेलें तर जाऊं द्या. मुलाला हातीं धरून तिनें चालतें व्हावयाचें होतें. तर मग या वाटेवर काय होतें तें पाहूं.

नवऱ्यापासून घटस्फोट मिळविण्यासाठीं १८५७ पर्यंत पार्लमेंटांत स्वतंत्र कायदा मंजूर करून घ्यावा लागे, आणि त्या सालापर्यंत असा घटस्फोट मिळालेल्या स्त्रिया साऱ्या इंग्लंडांत चार होत्या. घटस्फोटाविना नुसतें निघून जावें, तर नवऱ्याला तिला परत आणून कोंडून ठेवतां येत असे. १८४० सालीं कॉक्रेन नांवाच्या गृहस्थानें चार वर्षें दूर राहिलेल्या आपल्या बायकोला फसवून घरीं आणलें व अडकवून ठेवलें. तिच्या सुटकेसाठीं अर्ज झाला तेव्हां न्यायाधीशानें निर्णय दिला, कीं नवऱ्याला तसा अधिकार आहे. हा निर्णय मोडीत निघावयास १८९१ साल उजाडावें लागलें.

मुलांच्या ताब्याची गोष्ट याहून विलक्षण. १८०४ सालच्या डि मॅनव्हिल खटल्यांत बापानें आठ महिन्यांचें अंगावरचें पोर आईपासून हिरावून नेलें होतें. न्यायालयानें तें परत देवविण्यास नकार दिला. १८३६ सालीं कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेचे तीन मुलगे तिच्या नवऱ्यानें असेच काढून नेले. ती बाई मात्र गप्प बसली नाहीं. तिनें पत्रकें लिहिलीं, पार्लमेंटच्या सभासदांचीं मनें वळविलीं, आणि १८३९ मध्यें मुलांच्या ताब्याविषयींचा कायदा झाला. त्या कायद्यानें सात वर्षांखालील मुलांचा ताबा मागण्याचा व मोठ्या मुलांना भेटण्याचा अर्ज आईला करतां येऊं लागला. तोहि तिच्या चारित्र्यावर डाग नसेल तर, आणि तोहि चॅन्सरीच्या महागड्या न्यायालयांत. सात वर्षांवरचें मूल बापाचेंच राहिलें.

न्यायाच्या दृष्टीनें येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मर्डस्टन हा डेव्हिडचा जन्मदाता नव्हता. बापाचे म्हणून जे जन्मसिद्ध हक्क, ते त्याला नव्हते. विधवा आई या नात्यानें मुलावर क्लॅराचा अधिकार अधिक होता. पण १८३४ च्या गरिबांविषयींच्या कायद्यानें बायकोच्या आधींच्या मुलांना पोसण्याची जबाबदारी नव्या नवऱ्यावर टाकली होती. आणि जो पोसतो तोच शिस्त लावतो, ही जगाची रीतच आहे. शिवाय अधिकार बजावावयाचा म्हणजे पायाखालीं जागा लागते आणि पदरीं पैसा लागतो. क्लॅराचा अधिकार कागदावरचा होता. घर आणि १०५ पौंड मर्डस्टनच्या हातांत होते.

आतां छडीकडे वळूं. लग्नानंतर परतलेल्या डेव्हिडला मर्डस्टन पहिल्याच भेटींत विचारतो, कीं एखादा घोडा किंवा कुत्रा हट्टीपणा करूं लागला तर मी काय करतों, ठाऊक आहे? मग स्वतःच उत्तर देतो, कीं मी त्याला मारतों. डिकन्सनें हें वाक्य कोणत्या हेतूनें घातलें असेल तें असो. इतिहासानें त्याला भयंकर अर्थ आणला आहे. घोड्याला व गुराढोरांना निर्दयपणें मारणें हा इंग्लंडांत १८२२ च्या कायद्यानें गुन्हा ठरला होता. प्राण्यांचा छळ थांबविणारी संस्था १८२४ सालीं स्थापन झाली, आणि १८३५ च्या कायद्यानें कुत्र्यालाहि संरक्षण मिळालें. हीं पानें छापून बाहेर पडलीं तेव्हां, १८४९ सालीं, मर्डस्टननें आपल्या घोड्याला किंवा कुत्र्याला अमानुष मारहाण केली असती, तर त्याला मॅजिस्ट्रेटपुढें खेंचण्याची सोय होती. घरांतल्या मुलासाठीं तसा स्वतंत्र कायदा नव्हता. तो झाला १८८९ मध्यें, घोड्याच्या कायद्यानंतर सदुसष्ट वर्षांनीं.

मधल्या काळांत छडीची मर्यादा कोठें होती, याची कल्पना १८६० च्या हॉप्ली खटल्यावरून येते. ईस्टबोर्नच्या या शिक्षकानें पंधरा वर्षांच्या एका मंदबुद्धि विद्यार्थ्याला दोन तासांहून अधिक वेळ मारलें; त्यांत तो मुलगा मेला. त्याच्या बापानें मार देण्याला पत्रानें संमति दिलेली होती. हॉप्लीला चार वर्षांची शिक्षा झाली खरी. पण त्याच निकालांत न्यायाधीशानें सांगून ठेवलें, कीं बापाला व शिक्षकाला मुलाला वाजवी मार देण्याचा अधिकार आहे. मुलगा मेला म्हणून मार गैरवाजवी ठरला. डेव्हिड मेला नाहीं. त्याला नुसता चोप मिळाला. मारणाऱ्याच्या हाताचा त्यानें चावा घेतला, म्हणून आणखी चोप मिळाला. पांच दिवस तो खोलींत एकटा कोंडला गेला, आणि मग दूरच्या शाळेंत त्याची रवानगी झाली. त्या काळच्या कोर्टानें या फिर्यादीकडे ढुंकूनहि पाहिलें नसतें.

इतका पुरावा ऐकल्यावर क्लॅराला निर्दोष म्हणून सोडून द्यावें काय? तसें करणें सोपें आहे, आणि आजकाल तें उदारपणाचेंहि समजलें जातें. परंतु त्याच घरांत आणखी एक स्त्री होती, आणि तिच्या साक्षीवांचून हा निवाडा पुरा होत नाहीं.

पेगॉटीला कायद्यानें क्लॅराहूनहि कमी दिलें होतें. ती मोलकरीण, मर्डस्टनच्या लहरीवर तिची भाकरी. क्लॅराच्या मृत्यूनंतर तिला खरोखरच निरोप मिळाला. पण कोंडलेल्या डेव्हिडच्या पांचव्या रात्रीं ती अंधारांत त्याच्या दाराशीं येते, आणि किल्लीच्या भोंकाला तोंड लावून त्याच्याशीं बोलते. उद्यां तुला कोठें नेणार आहेत तें सांगते. मी तुला विसरणार नाहीं, तुझ्या आईला सोडणार नाहीं, असें वचन देते. दार उघडणें तिच्या हातीं नव्हतें. पण त्या भोंकांतून एक गोष्ट आंत गेली, ती ही, कीं बाळ, तूं वाईट नाहींस.

आईकडून हीच गोष्ट आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं निघतांना क्लॅरा मुलाला जवळ घेते, रडते आणि सांगते, कीं मीं तुला क्षमा केली आहे, पण तुझ्या मनांत असे दुष्ट विकार असावेत याचें मला दुःख होतें. डेव्हिडच्या ध्यानांत येतें, कीं मी वाईट आहें असें या लोकांनीं तिच्या मनावर बिंबविलें आहे. आणि मी जातों आहें याच्यापेक्षां मी वाईट निघालों, याचेंच तिला अधिक दुःख आहे. छडीचे वळ कांहीं दिवसांनीं जातात. हें वाक्य मात्र तो पुरुष मोठा होऊन, कीर्तिमान लेखक होऊन आपली कथा लिहावयास बसतो, तेव्हांहि त्याच्या मनांतून गेलेलें नसतें.

माझ्या मतें क्लॅरावरचा खरा आरोप हा आहे. तिनें मर्डस्टनचा हात धरला नाहीं, हा तिचा अपराध नव्हे. तो हात धरण्याचें बळ त्या काळच्या समाजानें तिच्यापासून काढून घेतलें होतें. मारणाऱ्याचें म्हणणें तिनें खरें मानलें, हा तिचा अपराध. घर नवऱ्याचें झालें, पैसा त्याचा झाला, शरीरहि त्याच्या ताब्यांत गेलें. पण आपलें मूल कसें आहे याविषयींचें आईचें मत नवऱ्याच्या नांवें करून देणारें कलम ब्लॅकस्टनच्या भाष्यांत कोठेंहि नाहीं. तें तिनें आपण होऊन देऊन टाकलें.

तथापि तेंहि तिनें सगळें दिलें नव्हतें. धड्याच्या वेळीं ओंठ हलवून ती मुलाला अडलेला शब्द सुचवूं पाहते, आणि नणंदेच्या हांकेसरशीं दचकते. डेव्हिड निघाल्यावर गांवाबाहेर पेगॉटी त्याला गांठते आणि एक थैली देते. तींत तिनें दिलेल्या शिलिंगांबरोबर कागदांत गुंडाळलेलीं दोन नाणीं निघतात, आणि त्या कागदावर आईच्या हस्ताक्षरांत प्रेम कळविणारे दोन शब्द असतात. आईची माया घरांत उघड चालत नव्हती, म्हणून ती मोलकरणीच्या खिशांतून चोरट्या मालासारखी बाहेर पाठवावी लागली. ज्या घरांत मायेला अशी चोरवाट शोधावी लागते, तेथें आईबरोबर घरालाहि आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें पाहिजे.

आतां या खटल्यांतल्या न्यायाधीशाकडे, म्हणजे खुद्द डिकन्सकडे, वळूं. १८२४ सालीं, नुकतेंच बारावें वर्ष पुरें झालेल्या डिकन्सला लंडनमधल्या बुटांच्या शाईच्या कारखान्यांत आठवड्याला सहा शिलिंगांवर कामाला लावण्यांत आलें. थोड्याच दिवसांत त्याचा बाप कर्जापायीं मार्शलसी तुरुंगांत गेला. कांहीं महिन्यांनीं बाप सुटला, पुढें त्याचें कारखान्याच्या लोकांशीं बिनसलें, आणि मुलगा घरीं आला. आईनें मध्यस्थी करून भांडण मिटविलें आणि त्याला परत कामावर पाठवावें असा आग्रह धरला. बाप म्हणाला, त्यानें शाळेंत जावें. आईची ही गोष्ट आपण कधींहि विसरलों नाहीं, विसरणें शक्यहि नाहीं, असें डिकन्सनें मोठेपणीं लिहून ठेवलें. जगाला हें सारें कळलें तें त्याच्या मृत्यूनंतर, त्याचा मित्र फॉर्स्टर यानें १८७२ पासून प्रसिद्ध केलेल्या चरित्रांतून.

ज्या बापाच्या उधळेपणानें हा प्रसंग आणला, त्याला डिकन्सनें क्षमा केली. एवढेंच नव्हे, तर मिकॉबरच्या रूपानें त्याला अमर व लाडकें करून ठेवलें. ज्या आईनें मुलांचें लेंढार, रिकामें घर आणि मुलाच्या त्या सहा शिलिंगांचा हिशेब पाहून आग्रह धरला, तिला क्षमा नाहीं. आणि लहानपणीं त्याला अक्षरें शिकविणारीहि तीच होती. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्यें कारखान्याची कथा आली आहे, पण तेथें मुलाला कामाला धाडणारी आई नाहीं, ती आधींच मेलेली आहे. खऱ्या आईला ज्याला क्षमा करतां आली नाहीं, त्यानें क्षमा करतां येईल अशी एक आई निर्माण केली. ती मुलासारखी अल्लड, सुंदर, दुबळी आणि अल्पायुषी आहे. न्यायाधीश इतका दुखावलेला असेल तर त्याची कठोरताहि तपासून घ्यावी आणि करुणाहि.

इंग्लंडचें हें विवाहशास्त्र समुद्र ओलांडून आपल्या मुंबईसहि आलें होतें. रखमाबाईंच्या विख्यात खटल्यांत नवऱ्यानें बायकोच्या सहवासाची जी मागणी केली, ती मागणी करण्याची रीत मूळ इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतली. रखमाबाईंची आई जयंतीबाई ही क्लॅरासारखीच तरुणपणीं विधवा झाली होती. तिनें आपली मालमत्ता लहानग्या मुलीच्या नांवें करून दिली, आणि डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशीं पुनर्विवाह केला. बेट्सी ट्रॉटवुडनें जें करावयास हवें होतें म्हणून सांगितलें, तें या मुंबईच्या स्त्रीनें केलें होतें. पण मुलगी अकरा वर्षांची असतांना दादाजी भिकाजी यांच्याशीं तिचें लग्न लागलें, तेंहि याच आईच्या घरीं. १८८४ सालीं दादाजींनीं दावा लावला. १८८५ मध्यें न्यायमूर्ति पिन्ही यांनीं तो फेंटाळला. १८८७ मध्यें उलट हुकूम झाला, कीं नवऱ्याकडे जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा. १८८८ मध्यें तडजोड झाली. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. त्यांच्या बाजूनें प्रथमपासून उभा राहिला तो त्यांचा सावत्र बाप. मुलीला उभें राहण्यास जमीन देणारी आणि तिला बालविवाहाच्या मांडवांत बसविणारी आई एकच होती. अशा आईला आपण एका शब्दांत काय म्हणणार?

कायदे नंतर बदलले. इंग्लंडांत १८७० व १८८२ च्या कायद्यांनीं विवाहितेची मिळकत व मालमत्ता तिची झाली, १८८९ मध्यें मुलांच्या छळाला शिक्षा आली. आपल्याकडे १९५६ च्या हिंदु पालकत्वाच्या कायद्यानेंहि आधीं बाप आणि त्याच्या नंतर आई असाच क्रम ठेवला होता; त्यांतल्या ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ केवळ बापाच्या मरणानंतर असा नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें १९९९ मध्यें ठरविलें. म्हणजे आईच्या पायाखालीं जागा यावयास दोन्ही देशांत पिढ्या लोटल्या. जसजशी ती जागा येते, तसतशी आईची जबाबदारीहि वाढते, हें खरेंच आहे. क्लॅराला जें माफ करतां येतें, तें आजच्या प्रत्येक आईला करतां येईलच असें नाहीं. पण शेजारच्या घरांतून मुलाच्या रडण्याचा आवाज येतो, तेव्हां कान झांकून घेणारी केवळ त्या घरांतली आईच असते काय, हा प्रश्न ज्यानें त्यानें स्वतःला विचारावा.

शाळेंतून सुटीवर आलेला डेव्हिड परत निघतो, तेव्हां क्लॅरा फाटकाशीं उभी राहते. ती कांहीं बोलत नाहीं. हातांतलें तान्हें मूल ती उंच उचलून धरते आणि त्याच्याकडे टक लावून पाहते. हवा निश्चल असते. तिच्या केसाची बटहि हलत नाहीं. त्यानंतर डेव्हिडला ती जिवंत दिसत नाहीं. त्या दिवशीं तिचे हात कानांवर नव्हते. माझ्या निवाड्यांत तिच्या दोषाशेजारीं मी हीहि नोंद करून ठेवतों.